गुहागर–विजापूर रस्ता: नंबर सोडा, नद्या धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या व्यवसायामुळे वीस वर्षं कोइमतूरला काढली, यंदा दिवाळीला विट्याला गावी येणार. जतहून साडूंची गाडी विट्यात येऊन मिळेल आणि दोन्ही गाड्या मिळून गुहागरला जायचं. लहानपणी पाहिलेल्या पाट्यांवर ७८ नंबर होता, आता मोबाईल १६६ई दाखवतो. रस्ता तोच आहे का, आणि फाटे कुठे चुकतात?

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग याच रस्त्याच्या या ना त्या तुकड्यावर गेला. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण निघण्याआधी एकदा सगळं वाचा.

रस्ता तोच आहे. गुहागर, चिपळूण, पाटण, कराड, विटा, जत, विजापूर हा पूर्वीचा राज्यमार्ग ७८. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग झाला आणि त्याला १६६ई हा क्रमांक मिळाला. या क्रमांकाचाही अर्थ लागतो. मुंबई–गोवा महामार्ग म्हणजे ६६. त्याची एक शाखा १६६, म्हणजे रत्नागिरी–कोल्हापूर–मिरज–सांगोला–सोलापूर. त्या १६६ च्या नात्यातले म्हणून जे रस्ते धरले त्यांना अक्षरं दिली, त्यातलं ई अक्षर आपल्या वाट्याला आलं. जुने मैलाचे दगड अजून कुठे कुठे उभे असतील. हिरव्या डोक्याचा दगड राज्यमार्गाचा, पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा. एकाच प्रवासात दोन्ही दिसले तर वाट चुकली असं समजून गाडी वळवू नका. खूण म्हणून नंबरावर भिस्त ठेवू नका, एवढंच. वाटेत कोणाला विचारलंत तर ‘चिपळूण रस्ता’, ‘विटा रस्ता’ असंच उत्तर मिळेल. १६६ई म्हणून हा रस्ता कोणी ओळखत नाही.

हा रस्ता डोक्यात बसवायचा सोपा मार्ग मला माझ्या पहिल्या साहेबांनी दाखवला होता. नकाशावर आधी फक्त नद्या काढायच्या आणि मग त्यावर रस्ता ओढायचा. कराडच्या पूर्वेला नद्या रस्त्याला आडव्या येतात. येरळा, अग्रणी या उत्तरेकडून दक्षिणेकडे, कृष्णेला मिळायला निघालेल्या, आणि आपण पूर्व–पश्चिम चाललेलो. कराडच्या पश्चिमेला नेमकं उलटं. तिथे नदी रस्त्याच्या सोबतीनं चालते. कराडपासून हेळवाकपर्यंत कोयना, घाट उतरल्यावर चिपळूणपर्यंत वाशिष्ठी. आता रस्ते बहुतेक नदीच्या खोऱ्यानंच जातात. म्हणून पूर्वेला जे रस्ते भेटतात ते आपल्याला काटकोनात छेदतात, तिथे चौक होतो. पश्चिमेला बाजूच्या खोऱ्यांतले छोटे रस्ते तिरके येऊन मिळतात, तिथे फाटा होतो. चौकात माणूस रस्ता चुकतो. फाट्यावर रस्ता फारसा चुकत नाही, तिथे गाडीवर गाडी येते. माझ्या नोंदवहीतले अपघात पाहिले तर ते बरेचसे अशा तिरक्या फाट्यांवरचेच होते.

चुकण्यासारखे मोठे छेद चार: नागज, विटा, कराड आणि चिपळूण. पहिले दोन सरळ आहेत. समोरचा रस्ता पार केला की आपला रस्ता पुन्हा समोरच. कराड आणि चिपळूण तसे नाहीत. तिथे आपला रस्ता दुसऱ्याच्या महामार्गावर चढतो, थोडं अंतर त्याच्यावरून चालतो आणि मग फुटतो. नवखा माणूस नेमका इथेच फसतो, कारण तो ‘सरळ’ जात राहतो.

आधी जतच्या पाहुण्यांचं. त्यांनी जतहून शेगावमार्गे नागज फाटा गाठायचा. तिथे आडवा जातो तो मिरज–कवठेमहांकाळहून सांगोल्याकडे जाणारा १६६. डावीकडे मिरज, उजवीकडे सांगोला. कुठेही न वळता पार करायचा. पुढे भिवघाट. तिथे उजवीकडे आटपाडीचा रस्ता आहे, तो सोडायचा. मग खानापूर, रेणावीचा छोटा घाट, रेवणसिद्धाचं देऊळ आणि विटा. हा सगळा माळरानाचा उघडा रस्ता, लांबवर दिसतो. त्यामुळे अंगावर येणारा धोका कमी, पण वेगाचा मोह जास्त. त्यांना सांगा, खानापूरच्या अलीकडे गाव आलं की वेग उतरवा, शाळेची पोरं याच रस्त्यानं चालतात.

विट्यात तासगावहून मायणी–दहिवडीकडे जाणारा रस्ता आपल्याला छेदतो. गाव तुमचं, तिथे मी काय सांगणार? फक्त भेटायची जागा चौकात ठरवू नका. दोन गाड्या, त्यात सामान आणि लेकुरवाळी माणसं असली की पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास जातो आणि चौक तुंबतो. कराड रस्त्याला गावाबाहेर एखाद्या पेट्रोलपंपावर भेटा.

विटा ते कराड अंदाजे ४५ किलोमीटर. वाटेत येरळा ओलांडायची, मग कडेपूर. कडेपूरला डाव्या हाताला वांगीकडे रस्ता फुटतो. दिवाळी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायची वेळ. दोन-दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर इथून पुढे कराड पार करून थेट पाटण तालुक्यापर्यंत भेटतील. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना फक्त ट्रॅक्टर मोजू नका, मागचे दोन्ही ट्रेलर मोजा. आणि त्याच्या उजव्या इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका. गाण्याच्या आवाजात त्याला तुमचा हॉर्न ऐकू जात नाही. पहाटे अंधारात निघालात तर बैलगाड्याही भेटतील, मागे लाल पट्टी असेलच असं नाही.

कडेगाव मागे पडलं की सुर्ली घाट. घाट छोटा, पण इथे सांगली जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो आणि खाली कृष्णेचं हिरवं खोरं एकदम उघडतं. इतकी वर्षं त्या वळणावरून गेलो, तरी दर वेळी जीप थोडी हळू करायला सांगायचो. खाली ओगलेवाडी. प्रभाकर कंदील जिथे बनायचे ती ओगल्यांची काच फॅक्टरी इथली, १९१६ सालची. कराडचं रेल्वे स्टेशनही इथेच आहे, गावापासून लांब. जवळच टेंभू, आगरकरांचं जन्मगाव. मुलं गाडीत असतील तर सांगा त्यांना, पाट्या वाचायला लागतील.

आता कराड, सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा. विद्यानगरवरून आलात की कृष्णेचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे कृष्णा कॅनॉलजवळ उजवीकडे मसूरचा रस्ता आहे, तो सोडा. पूल ओलांडून गावात शिरलात की पुढे ‘पाटण’ ही पाटी शोधत बसू नका. कोल्हापूर नाका गाठा. तिथे पुणे–बंगळूर महामार्ग, हल्लीचा ४८, पूर्वीचा ४. त्यावर पुण्याच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडे वळायचं. कोयनेचा पूल ओलांडायचा आणि लगेच डाव्या हाताला वारुंजी फाटा. तिथे महामार्ग सोडायचा. मला रस्ता विचारणाऱ्यांत सर्वांत जास्त माणसं इथे चुकलेली भेटली, आणि कारण दर वेळी एकच: महामार्गावर चढल्यावर ती उजव्या बाजूच्या लेनमध्ये राहिली. कोल्हापूर नाक्यावरून निघालात की अगदी डावी बाजू धरा, सेवा रस्ता मिळाला तर त्यावरूनच जा. फाटा हुकलाच तर महामार्गावर गाडी मागे घेऊ नका. पुढे उंब्रजपर्यंत जा, त्यातूनही मार्ग आहे, तो आता सांगतो.

या महामार्गावर रुंदीकरणाची आणि उड्डाणपुलाची कामं चालली आहेत. काम चालू असलं की वळण आज एका जागी, उद्या दुसऱ्या जागी. म्हणून खूण पुलाची ठेवा. कोयनेचा पूल हलत नाही. पूल ओलांडला की डावीकडे.

उंब्रजची गोष्ट अशी. मल्हारपेठ–पंढरपूर म्हणून एक जुना राज्यमार्ग आहे. तो उंब्रज, मसूर, पुसेसावळी, मायणी असा जातो. त्याचं पश्चिमेचं टोक मल्हारपेठेत आपल्या रस्त्याला मिळतं. साताऱ्याकडून कोकणात उतरणाऱ्या जाणत्या गाड्या कराडला येतच नाहीत, उंब्रजलाच वळून मल्हारपेठेत येतात. वारुंजी हुकली, किंवा कराडात वाहतूक तुंबल्याचं कळलं, तर हाच मार्ग घ्या. अंतर थोडं वाढेल, पण गर्दीच्या दिवशी मनस्ताप नक्की वाचेल.

वारुंजीपासून विजयनगर, सुपने करत पुढे निघालात की उजव्या हाताला वसंतगड दिसत राहतो. त्याच्या पायथ्याचं तळबीड म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. इथून कोयना तुमच्या डाव्या हाताला आहे आणि हेळवाकपर्यंत ती साथ सोडत नाही. मग एकामागून एक तिरके फाटे सुरू होतात: निसरे, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण. दर फाट्याला एक खोरं आहे. नवारस्त्यावरून दिवशी घाटानं ढेबेवाडीकडे जाता येतं, पाटणला केरा नदी कोयनेला मिळते.

या फाट्यांविषयी थोडं मनातलं सांगतो. मुख्य रस्ता सरळ आणि गुळगुळीत झाला की बाजूच्या फाट्यावरचा धोका वाढतो, कारण मुख्य रस्त्यावरचा वेग वाढतो आणि खोऱ्यातून येणारा मोटारसायकलवाला अजून जुन्याच अंदाजानं आत शिरतो. तिरक्या फाट्यावर त्याला मान पूर्ण मागे वळवावी लागते, तीही तो वळवत नाही. यावर उपाय माहीत असलेला आहे. फाट्याचं तोंड शेवटचे काही मीटर वळवून काटकोनात आणायचं, कोपऱ्यावरची टपरी आणि बाभूळ काढून दृष्टी मोकळी करायची, छोट्या रस्त्यावर गतिरोधक घालायचा. यातलं फाट्याचं तोंड वळवायला वीसेक गुंठे जागा लागते आणि तिथेच घोडं अडतं. एका फाट्यासाठी मी असा प्रस्ताव तीन वेळा पाठवला. तिन्ही वेळा मुख्य रस्त्याच्या डांबराला पैसे आले, फाट्याला आले नाहीत. त्या फाट्यावर पुढे एक शाळकरी मुलगा गेला. ती तारीख मी विसरलेलो नाही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, पाटणपर्यंत प्रत्येक फाट्याआधी पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. रस्ता कितीही मोकळा दिसला तरी.

आणखी एक गोष्ट. रस्ता पश्चिमेकडे जातो. दुपारी चारनंतर कराड–पाटण पट्ट्यात सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि काचेवर धूळ असली की समोरचा माणूस दिसत नाही. विट्याहून सकाळी सहा–साडेसहाला निघा. ऊन पाठीशी राहील आणि घाट दुपारच्या आत उतराल.

पाटणच्या पुढे दरी आवळत जाते आणि कोयनानगर, रासाटी, हेळवाक येतात. हेळवाक हा या सगळ्या प्रवासाचा सांधा. महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहत आलेली कोयना इथे जवळजवळ काटकोनात वळून पूर्वेला निघते. इथून जवळच कोयनेचं धरण. धरणाची उंची १०३ मीटर, पूर्ण पाणीपातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फूट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं. त्या वेळची माणसं आमच्या खात्यात मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर म्हणून होती. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगायला बसलो तर रस्ता बाजूला राहील. कोयनानगरातून नवजाकडे, ओझर्डे धबधब्याच्या बाजूला रस्ता जातो. बरेच जण मुख्य रस्ता समजून त्यावर शिरतात. चिपळूणसाठी नदी सोडून डोंगराकडे चढणारा रस्ता धरायचा. इतका वेळ डावीकडे असलेली कोयना सुटली की तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

घाटमाथ्यावर चहा घ्या, गाडी दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि ब्रेक तपासा. कुंभार्ली घाट इथून सुरू होतो, सातारा जिल्हा मागे आणि रत्नागिरी जिल्हा पुढे. जवळजवळ दोन हजार फुटांवरून तुम्ही समुद्राच्या जरा वर असलेल्या खोऱ्यात उतरणार आहात. ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर अर्ध्यात करपट वास येईल. तो वास आला की डोंगराच्या बाजूला, वळण सोडून, रुंद जागा पाहून थांबा. ब्रेक गार होईपर्यंत निघू नका. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. वळणावर ट्रक पूर्ण रस्ता घेतो, त्याला दुसरा इलाज नसतो. तुम्ही अलीकडे थांबा. दिवाळीत धुकं पावसाळ्याइतकं नसतं, पण पावसानंतर साईडपट्टी खचलेली असू शकते. सांडलेले दगड दिसले तर कडेला जाऊ नका, मध्येच राहा.

आणि पुढेमागे कधी जुलै–ऑगस्टमध्ये जायची वेळ आली तर आधी घाट चालू आहे का ते विचारा. दरड आली की अवजड वाहनं आधी थांबवतात, मग सगळीच. तेव्हा कोकरूड–मलकापूरमार्गे आंबा घाट उतरून साखरपा, देवरूख, संगमेश्वर असं चिपळूणला वर यावं लागतं. मोठा वळसा आहे.

घाट उतरला की शिरगाव, पोफळी, अलोरे. ही कोयना प्रकल्पाची वस्ती. धरणाचं पाणी डोंगर पोखरून इथे आणलं, वीज झाली की ते वाशिष्ठीत सोडतात. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. जनित्रं सुरू झाली की पाणी अचानक वाढतं. मुलांना ‘जरा पाय भिजवू’ म्हणून पात्रात उतरू देऊ नका. पिंपळी आणि खेर्डी ओलांडली की चिपळूण.

इथे दुसरा मोड. आपला रस्ता बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. उजवीकडे गेलात तर वाशिष्ठीचा पूल, परशुराम घाट, खेड आणि मुंबई. गुहागरला जायचं तर डावीकडे, म्हणजे गोव्याच्या दिशेनं वळायचं. महामार्गावरून चिपळूण शहराच्या कडेनं यायचं आणि मग उजव्या हाताला शहराकडे फुटून गुहागर रस्ता धरायचा. परशुराम घाट चढायला लागलात तर उलट्या दिशेला आहात, लगेच परता. या नाक्यावर उड्डाणपुलाचं काम चालू असताना ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा भाग कोसळला होता. तेव्हापासून तिथली वळणं बदलत आली आहेत. पोलीस हात करेल तिकडे जा, मोबाईलवरच्या नकाशाशी वाद घालत बसू नका. पेट्रोल आणि रोख पैसे चिपळुणातच घ्या. जेवणही इथेच उरका, पुढे मनासारखं मिळायला वेळ लागेल.

चिपळूण ते गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. नदी आता सुटली, रस्ता सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून वर-खाली करत जातो. रामपूर, मार्गताम्हाणे, मग शृंगारतळी. तळीची बाजारपेठ मोठी. रस्ता त्याच्या पोटातून जातो, तिथे गाडी माणसाच्या चालीनं चालवावी लागते. शेवटचा फाटा मोडकाआगरला. डावीकडे पालशेत, हेदवी आणि पुढे तवसाळ. तिथून जयगडला फेरीबोट आहे, म्हणजे परतीला गणपतीपुळ्याकडे जायचं मनात असेल तर हाच रस्ता. गुहागरच्या उत्तरेला धोपाव्याहून दाभोळला दुसरी फेरीबोट आहे. दोन्हीकडे गाडी चढवता येते, पण भरती-ओहोटी आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

तुम्ही मोडकाआगरला डावीकडे न वळता पुढे जा. व्याडेश्वराच्या देवळाजवळ गाडी लावा, तिथून किनारा चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. आणि विट्याहून निघताना साडूंना एवढं मात्र सांगून ठेवा, दोन गाड्यांची चुकामूक झालीच तर फोन लागेपर्यंत रस्त्यात शोधत फिरायचं नाही. कराडच्या अलीकडे असाल तर ओगलेवाडी, पुढे असाल तर घाटमाथ्यावरची चहाची हॉटेलं, घाट उतरला असाल तर खेर्डी. जी गाडी पुढे असेल तिनं तिथे थांबायचं.